जावई या नावापुढचा पत्ता

बेसा, नागपूर
दि. ३ नोव्हेंबर २०२५
प्रति: श्री. ऋषिकेश गावंडे, हैदराबाद
विषय: संगणकातील नावांची यादी दिसत नसल्याबाबत

ऋषिकेशराव,

तुमच्या आणि माझ्या मिनलच्या घटस्फोटाला येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे तेही कामासाठी, हे आधीच सांगून टाकतो. राग आला तर मेल पुसून टाका. मला वाईट वाटेल, पण मी ते कोणाला सांगणार नाही.

तुम्ही आमचे जावई असताना मला संगणक लावून दिला होता आणि त्यात मेलचा प्रोग्राम बसवून दिला होता. तोच अजून वापरतो. गेल्या आठवड्यात त्याने आपलं आपण काहीतरी नवीन करून घेतलं आणि तेव्हापासून नावांच्या यादीत नावंच दिसत नाहीत. तीनशे बारा ओळी आहेत, त्यातल्या दोनशेच्या वर कोऱ्या. कोऱ्या ओळीवर टिचकी मारली तर आत माणूस आहे, बाहेरून मात्र पत्ता लागत नाही.

सदर भागातल्या एका दुकानात संगणकाचा डबा घेऊन गेलो. तिथला म्हणतो, "काका, सगळं उडवून नवीन टाकाव लागते. जुनं गेलं तर मी जिम्मेदार नाही." मी डबा उचलला आणि ऑटोने घरी आणला.

सोसायटीच्या आमसभेच्या सूचना पाठवायच्या आहेत म्हणून घाई आहे. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक पाकीट चुकीच्या दारात गेलं नाही. आता घरच्या घरी ही गत. तुमचं नावही कुठल्यातरी कोऱ्या ओळीत असेल. तुमची एक जुनी मेल सापडली, तिलाच उत्तर म्हणून हे लिहितो आहे.

कळावे,
नानाजी भोयर


हैदराबाद
३ नोव्हेंबर

नानाजी,

मेल मिळाली. काही उडवू नका, सगळं जागेवर आहे.

नावाच्या पानावर वेगवेगळे चौकोन असतात. तुम्ही सरळ आडनावाच्या चौकोनात सगळं लिहून मोकळे होता, पहिल्या नावाचा चौकोन रिकामा. नवा प्रोग्राम यादी पहिल्या नावाने दाखवतो, म्हणून ओळी कोऱ्या दिसतात. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं.

यादी उघडा. वर उजवीकडे तीन टिंबं दिसतील, त्यावर टिचकी मारा. 'नाव कसे दाखवावे' असं येईल, तिथे 'आडनाव आधी' निवडा. तुम्ही अक्षरं मोठी करून ठेवली असणार, त्यामुळे पत्त्याचा रकाना नावावर चढत असेल. तो बंद करा, नुसती नावं राहू द्या.

मामीजींचे गुडघे कसे आहेत?

ऋषिकेश


बेसा
दि. ४ नोव्हेंबर
विषय: नावे दिसू लागल्याबाबत, व नवीन अडचणीबाबत

ऋषिकेशराव,

नावं आली! एवढ्या मोठ्याने ओरडलो की प्रेमिला आतून धावत आली. "काहून वं माय, काय झालं? काहून ओरडून राहिले एवढे?" म्हटलं, सगळे परत आले. तिला वाटलं पाहुणे आले. तिचे गुडघे तसेच आहेत.

तुम्ही मला मामाजी म्हणत होता, काल नानाजी लिहिलं. तिला मात्र मामीजी. वाचलं मी. बरोबरच आहे.

आता नवीन अडचण. त्या तीन टिंबांच्या खाली 'फोनमधली नावेही आणा' असं होतं. मला वाटलं आणावी. तर प्रत्येक माणूस दोनदा दिसतो आहे, तीनशे बाराचे पावणेसहाशे झाले. शिवाय माझ्या नोंदी तुम्हाला माहीतच आहेत. कचेरीत पाकिटावर आम्ही माणसाचं नाव घालत नसू, पद घालायचं. माणूस बदली होऊन जातो, खुर्ची राहते. त्याच सवयीने इथे 'अध्यक्ष, सोसायटी', 'घरचे डॉक्टर', 'व्याही' असं लिहून ठेवलं आहे. तेही सगळे दोन-दोन झाले.

हे एकेक पुसत बसलो तर महिना जाईल. तेवढा वेळ नाही.

नानाजी


हैदराबाद
४ नोव्हेंबर

नानाजी,

यादीच्या खाली 'दुहेरी नोंदी एकत्र करा' असं बटण आहे. ते दाबलं की सारख्या नावाच्या दोन नोंदींची एक होते.

दाबण्याआधी एक गोष्ट नीट बघा. प्रोग्रामला माणूस कळत नाही, त्याला फक्त वर लिहिलेलं नाव कळतं. एकाच नावाखाली दोन वेगळी माणसं असतील तर तो त्यांनाही एकत्र करेल आणि मेल जुन्या पत्त्यावर जात राहील. असं कोणी असेल तर आधी नाव बदला. कोणी आहे का तसं? शंका असेल तर मला विचारा, मग दाबा.

आमसभेला एवढी घाई कशाची?

ऋषिकेश


बेसा
दि. ५ नोव्हेंबर
विषय: काम पूर्ण झाल्याबाबत

ऋषिकेशराव,

सकाळपासून वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनंत राऊत दोन निघाले, एक माझा भाचा आणि एक आमचा इलेक्ट्रिशियन. त्यांना वेगळं केलं. बाकी दोन वेगळी माणसं एका नावाची कोणी नाहीत. बटण दाबलं. यादी तीनशे नऊवर आली, एकदम साफ.

आमसभा आहे, आणि अध्यक्ष घाईचे आहेत.

तुमचे उपकार झाले. यापुढे त्रास देणार नाही.

नानाजी


बेसा
दि. ८ नोव्हेंबर
प्रति: जावई
विषय: लग्नाआधी तुम्हाला सांगायचे राहिलेले

प्रिय प्रीतमराव,

तीस तारखेचं लग्न आहे. कन्हानहून तुमची दीडशे माणसं येणार, माझ्याकडच्यांना मी मेलवरून पत्रिका पाठवून मोकळा झालो. तुमच्या शाळेतले मास्तर लोक नाचायची तयारी करून राहिले, असं मिनल हसून सांगत होती. त्या सगळ्याच्या आधी हे पत्र वाचा, आणि दोनदा वाचा.

मिनलला फिट येतात. सतरा वर्षांची होती तेव्हा पहिली आली. गोळ्या चालू आहेत, शेवटची फिट येऊन चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणतात नोकरी, संसार, मूल, सगळं होतं. गोळी चुकवायची नाही आणि नियमित दाखवायचं. आजार एवढाच आहे. मी जे केलं ते त्याहून वाईट आहे.

पहिल्या लग्नात मी हे लपवलं. मिनल म्हणाली होती, बाबा, त्यांना सांगा, नाहीतर मी सांगते. मी म्हटलं, सांगितलं, त्यांची हरकत नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात मी गावंडेंकडे चकार शब्द काढला नव्हता. लग्नानंतर आठ महिन्यांनी तिला ओट्याजवळ फिट आली. ऋषिकेशने घाबरून मला फोन केला, "मामाजी, असं आधी कधी झालं होतं का?" मी म्हटलं, कधीच नाही. आठवड्याने त्याला तिच्या पेटीत डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या सापडल्या. तो म्हणाला तू लपवलंस. ती म्हणाली तुला सगळं माहीत होतं, आता उलटतोस. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता. खोटं बोलणारा मी इथे बेस्यात पेपर वाचत बसलो होतो. पुढे कोर्टाच्या कागदावर 'स्वभाव जुळत नाहीत' असं आलं, आणि लोकांना मी सांगत सुटलो की पोरगा तापट निघाला.

तो तापट नव्हता, प्रीतमराव. फिट आली तेव्हा तिला कुशीवर वळवून तो तासभर जमिनीवर तिच्याजवळ बसला होता.

हे सगळं मी या दिवाळीत मिनलला सांगितलं. चार दिवस ती आपलं ताट खोलीत नेऊन जेवली. मग म्हणाली, "तुम्ही लपवलं, तुम्हीच सांगा. लिहून सांगा. त्यांचं उत्तर मले दाखवा, मंग मी त्यांच्यासंग बोलते. तोवर मी तोंड उघडत नाही." म्हणून हे पत्र. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण उत्तर द्या.

नानाजी भोयर


बेसा
दि. १२ नोव्हेंबर
प्रति: जावई
विषय: स्मरणपत्र

प्रीतमराव,

चार दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. फोनवर तुम्ही मिनलशी हॉलचं बोलता, फेट्यांच्या रंगाचं बोलता, आणि याचं काहीच नाही. ती फोन ठेवून माझ्याकडे बघते. मला ते बघणं सहन होत नाही.

काल रात्री जेवताना तिने सरळ विचारलं, "उत्तर आलं का, बाबा?" मी म्हटलं, आलं, त्यांची हरकत नाही. तोंडातून निघून गेलं. प्रेमिलाने पोळी वाढता वाढता हात थांबवला, मिनल मात्र इतकी हसली की मी ताट अर्धं सोडून उठलो.

आता तुम्ही खरंच हो म्हणालात तर माझं बोलणं खोटं ठरणार नाही. एवढी विनंती आहे. दोन ओळी पाठवा.

नानाजी


हैदराबाद
१३ नोव्हेंबर

नानाजी,

तुम्ही प्रीतम यांना लिहिलेली दोन्ही पत्रं मला आली आहेत. त्यांना एकही गेलेलं नाही. त्यांना काहीही माहीत नाही. हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

काय झालं ते सांगतो. तुमच्या यादीत 'जावई' म्हणून माझी जुनी नोंद होती. ती तुम्ही काढली नाही आणि प्रीतम यांची नवी नोंदही त्याच नावाने केली. मी सांगितल्याप्रमाणे तुम्ही बटण दाबलं आणि आम्ही दोघं एक झालो. माझा पत्ता जुना, म्हणून मेल मला येते. पत्त्याचा रकाना मीच बंद करायला लावला होता, त्यामुळे तुम्हाला दिसलं नाही. मी विचारलं होतं, एका नावाची दोन माणसं आहेत का. लग्न आहे हे तुम्ही सांगितलं असतं तर हे बटण मी तुम्हाला दाबू दिलं नसतं. तुम्ही आमसभा म्हणालात.

पहिलं पत्र आठ तारखेला आलं. त्याच दिवशी मी हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, आणि त्याची लाज वाटते. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तीन वर्षं मी असं समजत होतो की मिनलने मला फसवलं. माझे बाबा, मधुकरराव, गेले ते हेच समजून गेले. त्यांना आता कुठल्या पत्त्यावर कळवू? तुमचा इतका राग आला की मनात आलं, गप्प बसावं. होऊ दे लग्न. त्या प्रीतमलाही एक दिवस पेटीत चिठ्ठ्या सापडू देत, तोही तुम्हाला फोन करेल.

असा विचार मी चार दिवस केला. मग तुमचं दुसरं पत्र आलं. तुम्ही तिला पुन्हा तेच सांगितलंत. तेच शब्द. त्यांची हरकत नाही.

आजच्या आज मिनलला सांगा की उत्तर आलेलं नाही. मग यादीत 'जावई' उघडा, आत दोन पत्ते दिसतील, 'वेगळे करा' निवडा. प्रीतम यांना पत्र पाठवताना नाव बघू नका, पत्ता बघा. माझ्याकडे त्यांचा पत्ता नाही, नाहीतर तुमच्यासाठी थांबलो नसतो.

आणि मिनलला माझा एक निरोप द्या. चिठ्ठ्या सापडल्या त्या दिवशी मी तिला फसवी म्हणालो होतो. ती तशी नव्हती, हे मला आता कळलं.

ऋषिकेश


बेसा
दि. १७ नोव्हेंबर

ऋषिकेशराव,

विषय आणि संदर्भ लिहायचं आज सुचत नाही.

तुमची मेल मी मिनलच्या हातात दिली. वाचून सांगितली असती तर मी त्यातलंही काही गाळलं असतं, माझा मला भरवसा राहिला नाही. तिने उभ्यानेच वाचली. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे परवा मी हसली, तेबी तुमच्या खोट्यावरच." मग खुर्ची ओढून संगणकापाशी बसली. "काढा पत्ता. एकेक अक्षर वाचा. मी बघून राहिली." मी वाचत गेलो, ती बोट ठेवत गेली. प्रीतमरावांना पत्र दहा चाळीसला गेलं. खाली मी एक ओळ जास्तीची घातली, की हे पत्र आधी चुकीच्या माणसाकडे गेलं आणि त्यानेच मला जागं केलं.

दुपारी चारला ते कन्हानहून मोटरसायकलवर आले. प्रेमिलाने पाणी दिलं ते घेतलं नाही. मी उठून उभा राहिलो, त्यांनी मला बसा म्हटलं नाही. "मिनल कोठं आहे? मले तिच्या तोंडून ऐकाचं आहे." दोघं गच्चीवर गेले. दीड तास. मी खाली सोफ्यावर होतो आणि वरून काहीही ऐकू येत नव्हतं. मी दोनदा जिन्याकडे निघालो, प्रेमिलाने हाताला धरून परत बसवलं. ती म्हणाली, "गप बसा आता. बोलाचं तेव्हा बोलले नाही."

खाली आल्यावर प्रीतमराव म्हणाले, "नानाजी, तीस तारीख होत नाही. मी नाही म्हणून नाही राहिलो. बुधवारी मी हिच्यासंग डॉक्टरकडे जातो, सगळं समजून घेतो. मले दोन महिने पाहिजे. पण यापुढं तुमचा शब्द मी घेणार नाही, हिचा घेईन." मिनल त्यांच्या बाजूला उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

ज्या यादीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती काल कामी आली. तीनशे नऊ जणांना एकच मेल पाठवली: लग्न पुढे ढकलले आहे, वधूच्या वडिलांनी वरपक्षापासून एक गोष्ट लपवली होती, दोष वधूचा नाही, पहिल्या वेळीही नव्हता, पहिल्या जावयाचाही नव्हता. भावकीतून फोन सुरू आहेत. कोणी चार शब्द सुनावतात, कोणी नुसतं हं म्हणून ठेवून देतात. सगळे फोन मीच घेतो.

'जावई' ही नोंद मी काढून टाकली. माझ्या डोक्यात तुम्ही दोन माणसं नव्हताच. एकच खुर्ची होती, तिच्यावर आधी तुम्ही होता, मग प्रीतमराव. म्हणून तुम्ही विचारलं तेव्हा मला ते दिसलं नाही. आता तुमची नोंद ऋषिकेश मधुकरराव गावंडे अशी केली आहे. पहिलं नाव पहिल्या चौकोनात, आडनाव आडनावाच्या चौकोनात.

क्षमा मागावी असं फार वाटतं. पण मी मागितलेली क्षमा तुम्ही खरी का धराल, हे मला कळत नाही.

नानाजी


नागपूर
१८ नोव्हेंबर

ऋषिकेश,

तुझा पत्ता बाबांच्या यादीतून घेतला. अक्षर न् अक्षर तपासून घेतला.

बाबांनी तुझी मेल मला दिली, निरोप त्यातच होता. पण तो बाबांना लिहिलेला होता. माझ्या दोन लग्नांत सगळे महत्त्वाचे निरोप बाबांमार्फत गेले आणि बाबांमार्फत आले. चूक माझीही आहे. लग्नाच्या आधी आपण सहा वेळा भेटलो होतो. तेलंगखेडी तलावाकाठी भुट्टा खाल्ला होता. तेव्हा मी तुला एकदा विचारू शकले असते, तुला माहीत आहे ना? मी नाही विचारलं. वाटलं, बाबांनी सांगितलंय, आता पुन्हा कशाला. खरं म्हणजे भीती वाटत होती.

प्रीतमला त्या दिवशी गच्चीवर मी सगळं स्वतः सांगितलं. तो हो म्हणेल की नाही ते मला माहीत नाही. पण जे म्हणेल ते मला म्हणेल.

तुलाही मला काही सांगायचं असेल तर मला लिही. बाबांमार्फत आलेलं मी आता धरत नाही.

मिनल


हैदराबाद
१८ नोव्हेंबर
प्रति: मिनल नानाजी भोयर

मिनल,

मी तुला फसवी म्हणालो होतो. तू नव्हतीस. मला माफ कर.

भुट्टा खाताना मलाही विचारायचं होतं, तू गर्दीत मध्येच एवढी गप्प का होतेस. मीही नाही विचारलं.

ऋषिकेश